चालतंय की! – वाचकांचे प्रश्न, टेस्टरची उत्तरं

मागच्या अंकात ‘सॉफ्टवेअर घेताना रंग बघू नका’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेले, आणि त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. पासवर्ड विसरलेल्यांनी आणि मोबाइल तापणाऱ्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा. आजची पाच पत्रं त्या वाक्यामागं लागलेल्यांची.

शहापूरच्या एका पतसंस्थेचे मानद सचिव लिहितात : ताई, सप्रेम नमस्कार. आमची संस्था लहान आहे. साडेतीन हजार सभासद, सहा पिग्मी एजंट, चार नोकर. जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलंय. दोन कंपन्यांनी डेमो दिला. एकाचं दिसायला झकास, मोबाइलवर आलेख वगैरे. दुसऱ्याचं निळ्या पडद्यावरचं, जुनाट. पण त्यांचा माणूस छाती ठोकून सांगतो की आमची क्वालिटी बघा. संचालक मंडळात दोन तट पडलेत. क्वालिटी म्हणजे नेमकं काय बघायचं? मी निवृत्त शिक्षक, त्यातून कॉमर्सचा. सोपं करून सांगा.

सर, तुम्ही पिग्मीचं नाव काढलंत आणि माझी पत्रं वाचायची गतीच मंदावली. बी.कॉम.ला असताना दोन वर्षं मी बेळगावात गणपत गल्ली ते खडेबाजार पिग्मी गोळा केली आहे. ही पिग्मी मूळची उडुपीची. पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं १९२८ साली रोज दोन आण्यांपासून दारोदार ठेव गोळा करायला सुरुवात केली. तेव्हाचं सॉफ्टवेअर म्हणजे एजंटाची वही. त्या वहीत एक गुण होता. खाडाखोड केली तर ती दिसायची.

माझ्या हातात मात्र संस्थेनं पावती छापणारं छोटं यंत्र दिलं होतं. पावसाळ्यातली संध्याकाळ. एका फळवाल्या मावशींनी पन्नास रुपये दिले. मी आकडा टाकला, बटण दाबलं, कागद बोटभर बाहेर आला आणि यंत्र झोपलं. बॅटरी गेली. मावशी हात पुढं करून उभ्या, “पावती कुठाय गं माझी?” पिशवीतली दुसरी बॅटरी घातली, परत पन्नास टाकले, परत बटण दाबलं. पावती आली, मावशी खूश. रात्री संस्थेत हिशेबाला बसले तर पन्नास रुपये कमी. यंत्रानं दोन्ही वेळचे पन्नास धरले होते. कारकून म्हणाला, “मशीन कसं चुकेल? तूच कुठं तरी सोडलीस बघ.” कमिशन शंभराला तीन रुपये. ते पन्नास भरून काढायला मला सोळा-सतराशेची वसुली करावी लागली. पुढं पुण्यात एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, नोकरी केली, पण त्या धंद्यातला पहिला धडा मला ते पन्नास रुपये देऊन मिळाला.

गंमत म्हणजे यंत्रात बिघाड काहीच नव्हता. बटण दाबलं की पैसे जमा दाखवायचे, तसे त्यानं दाखवले. चालतंय की! पण ते बनवणाऱ्याच्या डोक्यात कोरडा दिवस होता आणि माझ्या हातात भिजलेला. घेतलेल्या रकमेला आधी क्रमांक द्यायचा आणि मग छापायला लागायचं, एवढं केलं असतं तरी भागलं असतं. परत चालू झाल्यावर यंत्रानं आपणहून सांगायचं की अमुक क्रमांकाची पावती अर्धी राहिली आहे, छापू का? छापली तर वर ‘दुसरी प्रत’ असा शिक्का. आणि संस्थेच्या संगणकाकडं तोच क्रमांक दहा वेळा आला तरी जमा एकदाच.

तेव्हा सर, दोन्ही कंपन्यांना परत बोलवा, पण या वेळी डेमो तुमचा असू द्या. कंपनीच्या डेमोतला सभासद फार शहाणा असतो. तो एकच खातं काढतो, त्यात गोल आकड्याची रक्कम भरतो आणि कधी मरत नाही. तुमच्याकडं वारस नसलेला सभासद आहे, २९ फेब्रुवारीला ठेवलेली ठेव आहे, दोन भावांचं एका सहीवर चालणारं खातं आहे. तुमच्या ३१ मार्चची किर्द (रोजच्या नोंदींची वही) काढा, त्यातली सगळ्यात गचाळ तीस पानं निवडा आणि म्हणावं, हे चढवून दाखवा.

ते चालू असताना कॅशियर बाईंना मुद्दाम चूक करायला सांगा. पाच हजारांच्या जागी पन्नास हजार टाकायचे आणि पुढं जायचं. मग कंपनीच्या माणसाला विचारा, आता हे दुरुस्त कसं करायचं? तो हसत हसत नोंद पुसून नवी लिहायला लागला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. हिशेबात पुसायचं नसतं हे तुम्ही तीस वर्षं फळ्यावर शिकवलं असेल. चूक रद्द करणारी उलट नोंद पडली पाहिजे; जुनी, उलट आणि नवी अशा तिन्ही दिसल्या पाहिजेत, आणि कोणी, किती वाजता केलं हेही. मग दिवस बंद करायला, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब मिटवायला लावा, आणि ते काम निम्म्यावर असताना संगणकाचा प्लग काढा. माणूस ओरडेल, ओरडू द्या. आपल्याकडं पावसात लाइट जाताना त्याला विचारून जात नाही. परत चालू केल्यावर दिवस पूर्ण बंद झालेला असावा, नाही तर अजिबात झालेला नसावा. सव्वाशे खात्यांना व्याज लागलं आणि बाकीच्यांना नाही, असं दिसलं तर पुढचं बघायची गरजच नाही.

शेवटी सगळ्या सभासदांच्या बाकी यादीची बेरीज आणि खतावणीतली (खातेवहीतली) शिल्लक ताडून बघा. पैशापर्यंत. दहा-वीस पैशांचा फरक निघाला आणि तो माणूस म्हणाला, ‘राउंडिंग आहे हो, स्वल्प अड्जस्ट माडी’ (कानडीत, जरा जमवून घ्या), तर अजिबात माडू नका. संगणक आकडे शून्य-एकात लिहितो, आणि त्याच्या लिपीत एक दशांश नेमका लिहिताच येत नाही. आपण एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ करत कुठं तरी थांबतो ना, तसंच. रुपया दशांशात ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दहा पैसे दहा वेळा मिळवले तर बेरीज एक रुपयाला केसभर कमी पडते. जाणता प्रोग्रॅमर म्हणून सगळे हिशेब पूर्ण पैशांत ठेवतो आणि रुपये फक्त पडद्यावर दाखवतो.

केसभर म्हणून हसू नका. आखाती युद्धात शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या पेट्रियट क्षेपणास्त्रांची यंत्रणा वेळ मोजायची ती सेकंदाच्या दहाव्या भागानं, आणि तो एक दशांश २४ बिटांत, म्हणजे शून्य-एकाच्या २४ खणांत, कापून बसवलेला होता. सौदी अरेबियात दहरानची यंत्रणा शंभर तास बंदच केली नव्हती. घड्याळ चुकलं किती, तर ०.३४ सेकंद. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढं गेलेलं असतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला २८ अमेरिकन सैनिक गेले. मला त्यात सगळ्यात जास्त बोचतं ते निराळंच. दोष आधीच लक्षात आला होता. ‘फार वेळ सलग चालवलं तर नेम सरकतो’ असा संदेश तळांना गेलाही होता, पण फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात कोणी लिहिलं नाही. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी. तेव्हा कंपनीचा माणूस ‘मधनंमधनं बंद करून चालू करत जा’ म्हणाला, की विचारायचं : किती तासांनी, आणि का?

बॅकअप घेता का, असं मात्र विचारू नका, हो म्हणतील. कालचा बॅकअप दुसऱ्या रिकाम्या संगणकावर चढवून तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा) जुळवून दाखवा म्हणा. आणि उद्या तुमचं-आमचं पटलं नाही तर आमचा सगळा विदा (डेटा) कुठल्या स्वरूपात परत देणार, ते करारात लिहून घ्या.

निळं की झकास? ते मी इथं बसून कसं सांगू? जुनाट दिसणं हा काही गुण नव्हे. पण डेमोला संचालकांच्या आधी कॅशियर बाईंना बसवा. संचालकांना आलेख दिसतो, बाईंना समोरची रांग दिसते. माउसला हात न लावता नुसत्या एंटरवर किती पावत्या होतात ते त्या पाच मिनिटांत सांगतील.

बेळगावच्या उद्यमबागेतून एक स्पेअर पार्टवाले : मॅडम, डायरेक्ट विचारतो. सात वर्षं एकच बिलिंग सॉफ्टवेअर वापरलं, एक तक्रार नाही. जीएसटीचे दर बदलले आणि सगळा घोळ. आयटमला नवीन दर टाकला, तर ऑगस्टचं बिल परत छापताना तेही १८ टक्क्यांनी निघालं! गिऱ्हाइकाच्या हातात २८ चं, माझ्याकडं १८ चं. सॉफ्टवेअर चांगलं होतं ते बिघडलं, की आधीपासूनच वाईट होतं?

आधीपासूनच. सात वर्षांत तुमच्या मालाचा दर हलला नव्हता, म्हणून दिसलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला हलला, आणि उघडं पडलं.

दर हा नुसता आकडा नसतो, त्याला ‘कधीपासून’ची शेपटी असते. तुमच्या प्रोग्रॅमनं आयटमपुढं एकच खण ठेवलाय; नवा आकडा टाकला की जुना गेला. शिवाय बिल छापताना तो दर दर वेळी त्या खणातून उचलून आणतोय. एकदा दिलेलं बिल ही झालेली गोष्ट आहे, लग्नपत्रिकेसारखी. नंतर सून बदलली म्हणून पत्रिका बदलत नाही. बिलात त्या दिवशीचा दर गोठवून ठेवायला हवा होता. ते दुरुस्त होईपर्यंत २१ सप्टेंबरपर्यंतच्या बिलांच्या छापील प्रती जपून ठेवा आणि तुमच्या सीएंना आजच फोन करा.

दुसरी एक परीक्षा फक्त आपल्या भागातच घेता येते. शिनोळीच्या कारखान्याला बिल करून बघा. उद्यमबागेतून टेम्पो चहा गार व्हायच्या आत पोचतो, पण मध्ये राज्य बदलतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे कर्नाटकचे २९, महाराष्ट्राचे २७. माल शिनोळीला उतरणार असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लागला पाहिजे. तुमचं सॉफ्टवेअर पहिले दोन आकडे आणि माल उतरवायचा पत्ता ताडून बघतं का, आणि दोन्हींत राज्य वेगळं निघालं तर थांबून विचारतं का? बरीचशी विचारत नाहीत. शेजारी महाराष्ट्रातला चंदगड तालुका आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं ती बनवलेली असतात.

खानापूरहून एक ताई, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान : माणसं शेतातली कामं सोडून येतात. अर्धा तास फॉर्म भरते आणि शेवटी लाल अक्षरात येतं, ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’. काय चुकलं ते नाही. लोक माझ्यावरच तापतात, “तुला येत नाही काय?” आता मलाच वाटायला लागलंय की चूक माझी.

नाही गं बाई. हे उत्तर कापून दुकानात काचेखाली ठेव.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं एक यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना भयंकर मोठी मात्रा दिली. काही जण दगावले. त्यातला एक प्रकार टेक्सासमधल्या टायलरचा. ऑपरेटर बाईंच्या पडद्यावर अक्षरं आली : मालफंक्शन (बिघाड) ५४. म्हणजे काय? यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत त्या आकड्यांचा अर्थच दिलेला नव्हता. असले संदेश रोजचेच, आणि ‘पी’ दाबलं की काम पुढं चालू व्हायचं. बाईंनी सवयीनं पी दाबलं. आत झोपलेल्या रुग्णाला दुसरा झटका बसला.

आता बघ, चूक कुणाची. बाईंनी आधी क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं होतं, लगेच लक्षात आलं म्हणून वर जाऊन इलेक्ट्रॉनचं केलं. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली, तर यंत्राच्या एका भागाला ती कळायचीच नाही. पडद्यावर नवं दिसायचं, आत जुनंच. बाईंचा हात बसलेला होता, भरभर चालायचा. हळू टाइप करणाऱ्याला हा दोष जन्मात दिसला नसता. तो पकडला कुणी, तर त्याच बाईंनी आणि हॉस्पिटलच्या भौतिकतज्ज्ञांनी. दोघं यंत्रापुढं बसले आणि तेच टाइपिंग परत परत, वेग वाढवत केलं, ५४ परत येईपर्यंत. हाच दोष कंपनीच्या आधीच्या मॉडेलमध्येही होता. तिथं चुकीच्या वेळी किरण अडवणारी वेगळी यांत्रिक व्यवस्था होती, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. नव्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून ती काढली होती.

तुझा फॉर्म काही कुणाचा जीव घेत नाही, पण दुखणं तेच. चूक झाल्यावर पडद्यानं तीन गोष्टी सांगायला हव्यात : काय झालं, माझं आधीचं काम शाबूत आहे का, आणि आता मी काय करू. ‘फोटो ठरलेल्या मापापेक्षा मोठा आहे. बाकीचा अर्ज जतन झाला आहे. फोटो लहान करून याच पानावर जोडा.’ एवढं लिहायला प्रोग्रॅमरला दहा मिनिटं लागली असती. ती त्यानं वाचवली, आणि त्याची किंमत नंदगडच्या आजोबांनी एसटीच्या दुसऱ्या खेपेत भरली.

एक वही कर. वेळ, कुठल्या खणात काय लिहिलं होतं, पडद्याचा फोटो. फी भरण्याच्या पानावर हे झालं तर पुन्हा बटण दाबायच्या आधी पैसे कापले गेलेत का ते बघ आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत उतरव. पंधरा दिवसांनी वही चाळ. मला पैजेवर सांगता येईल, तीन-चारच प्रकार सारखे सारखे येत असणार. तेवढे टाळलेस तरी तुझी निम्मी संध्याकाळ वाचेल.

चिक्कोडीहून बीसीएचा विद्यार्थी : सगळ्या शक्यता तपासल्या तर सॉफ्टवेअर शंभर टक्के निर्दोष होईल ना?

बारा आकड्यांचा एकच खण घे, आधारसारखा. शक्यता एक लाख कोटी. सेकंदाला हजार तपासल्यास तरी साधारण एकतीस वर्षं आठ महिने लागतील, आणि हा फक्त पहिला खण. डाइकस्ट्रा नावाचे डच संगणकशास्त्रज्ञ म्हणून गेलेत की टेस्टिंगनं चुका आहेत एवढं दाखवता येतं, चुका नाहीत हे कधीच दाखवता येत नाही. म्हणून आम्ही सगळं तपासत नाही, कडा तपासतो. अठरा वर्षं पूर्ण हवीत? मग आज अठरा झालेला, उद्या होणारा आणि २९ फेब्रुवारीला जन्मलेला, असे तिघं आण. मधल्या पंचविशीतल्या माणसाला कशाला त्रास देतोस?

निपाणीहून एक वाचक, ग्रंथालयाचे काम बघतात : आम्ही सभासदांची यादी संगणकावर मराठीत केली. अकारविल्हे लावली तर क्रम विचित्र येतो, आणि काही नावं यादीत डोळ्यांना दिसतात पण शोधल्यावर सापडत नाहीत. टायपिस्टची चूक म्हणावी का?

टायपिस्टला आधी सोडा. आपल्या मुळाक्षरांत ळ कुठं येतो? ह च्या नंतर. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या, तक्त्यात तो ल च्या शेजारी बसवलाय. सॉफ्टवेअर नुसते संकेतांचे आकडे बघून क्रम लावत असेल तर काळे आधी येतात आणि कासार मागून. शब्दकोशात उलटं असतं. मराठीचा क्रम सांगणारे नियम तयार आहेत, फक्त ते चालू करावे लागतात. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं बहुधा हिंदीवर भागवलंय.

नावं न सापडण्याचं कारण मला वाटतं कऱ्हाडकरांमध्ये आहे. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर तंतोतंत सारखाच दिसतो, आत संकेत वेगळे. एका टायपिस्टनं एका तऱ्हेनं लिहिलं, दुसऱ्यानं शोधताना दुसऱ्या तऱ्हेनं, की संगणक म्हणतो असा माणूस नाही. काही ठिकाणी मग त्याच माणसाला दुसरा सभासद क्रमांक मिळतो. पत्त्यांचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून गाव सरकारदरबारी बेळगावी झालं. आपल्या याद्यांत बेळगाव, बेळगावी, बेलगाम असे तिघं एकत्र नांदतात. दोन्ही अर्ध्या र ना आतून एक समजणं आणि गावाला हातानं लिहू न देता यादीतून निवडायला लावणं, ही सॉफ्टवेअरची कामं आहेत. पुढच्या वेळी तुमचा माणूस आला की त्याच्यासमोर पाच नावं टाका : काळे, कासार, कऱ्हाडकर, परत एकदा दुसऱ्या कीबोर्डवरून कऱ्हाडकर, आणि येळ्ळूरकर. क्रम लावायला सांगा, मग शोधायला सांगा. काय निघालं ते मला कळवा. येळ्ळूरकरांचे दोन ळ त्यानं कसे छापले, तेही.